दुसऱ्याच्या गोष्टीत आपला अध्याय

एखादी कादंबरी संपते. पुस्तक मिटून आपण कपाटात ठेवतो, पण तिच्यातली माणसं काही दिवस घरातच वावरत असतात. पुढं काय झालं असेल, हा प्रश्न सुटत नाही. बहुतेक जण तो मनात ठेवून दुसऱ्या पुस्तकाकडं वळतात. काही थोडे वाचक मात्र वहीची मागची पानं उघडतात आणि पुढचा अध्याय स्वतःच लिहून काढतात. पात्रं दुसऱ्याची, जग दुसऱ्याचं, प्रसंग मात्र आपला. याला आजकाल 'फॅन फिक्शन' म्हणतात, म्हणजे चाहत्यानं लिहिलेली कथा. जादूगार, उडते गालिचे, राक्षस, बोलणारी झाडं अशा अद्भुत कथांच्या वाट्याला असे चाहते जास्त येतात. आठवी-नववीतली मुलं तर अशी पानंच्या पानं लिहितात आणि वर्गात बाकाखालून एकमेकांना वाचायला देतात.

घरातल्या मोठ्यांना ही वही सापडली, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "दुसऱ्याचं काय उतरवतोस? स्वतःचं काही लिही." आज मला या वहीची बाजू मांडायची आहे. आणि त्याहूनही, ती वही ज्यांच्या हाती पहिल्यांदा पडते त्या वाचकांशी बोलायचं आहे.

'फॅन फिक्शन' हा शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे. आपल्याकडं तिला शब्दसुद्धा आहे, क्षेपक. मूळ ग्रंथात मागाहून कुणीतरी घातलेला मजकूर म्हणजे क्षेपक. छपाई नव्हती तेव्हा ग्रंथ हातानं उतरवले जात. उतरवणारा हा वाचकच असे, आणि बहुतेक वेळा भक्तही असे. लिहिता लिहिता त्याला वाटे, इथं आणखी एक ओवी हवी होती. मग तो ती घाली. पुढचा उतरवणारा तीही मूळची समजून उतरवून घेई.

ज्ञानेश्वरीचं असंच झालं होतं. शके 1506, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला. काम संपवताना त्यांनी पुढच्यांना बजावून ठेवलं. ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं, अशा अर्थाचा तो इशारा आहे. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. इतकं कडक बोलावं लागलं, याचा अर्थ तेव्हा नरोट्या ठेवणारे पुष्कळ असले पाहिजेत!

या कथेचा एक धागा आपल्या धुळ्यापर्यंत येतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1909 साली ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापली. एकनाथांच्या शुद्धीकरणाच्या आधीचा पाठ हिच्यात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि लगेच 1927 मध्ये त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. हस्तलिखितांच्या अभ्यासात मूळ कुठलं आणि मागाहून आलेलं कुठलं, याचा निवाडा करावा लागतो. त्यासाठी आयुष्यं खर्ची घातलेली माणसं आपल्या खानदेशात होऊन गेली. त्यामुळं मूळ लेखकाचा मान राखणं आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको.

पण मान राखणं म्हणजे हात न लावणं, असं आहे का?

इरावती कर्वे यांचं 'युगान्त' 1967 मध्ये आलं आणि 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. महाभारतातल्या माणसांवरचे हे अभ्यासपूर्ण लेख. द्रौपदीवरच्या लेखात हिमालयात ती कोसळते आणि पांडव पुढं निघून जातात, इथपर्यंत इरावतीबाई महाभारताला धरून चालतात. तिथं त्या थांबतात आणि सांगतात, महाभारत इथपर्यंत, यापुढं माझी नरोटी. मग पडलेल्या द्रौपदीच्या मनात शेवटच्या क्षणी काय आलं असेल, आपल्यावर खरं प्रेम कुणी केलं हे तिला कसं उमगलं असेल, ते त्या लिहितात. भीम तिच्याजवळ परत येतो. ही दोन-तीन पानं पुष्कळ वाचकांना सगळ्या पुस्तकात अधिक लक्षात राहतात. एकनाथांचा शब्द बाईंनी स्वतःवर ओढून घेतला, मूळ आणि आपलं यांच्यामध्ये स्वच्छ रेघ मारली आणि मग मोकळेपणानं लिहिलं.

दूरचं एक उदाहरण सांगतो. अरबी सुरस कथांमधली सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट कुठली? अल्लाउद्दीन आणि जादूचा दिवा! ही गोष्ट त्या कथांच्या जुन्या अरबी हस्तलिखितात नाही. आंत्वान गालाँ नावाचे फ्रेंच विद्वान अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या कथांचा अनुवाद करत होते. 1709 मध्ये पॅरिसमध्ये त्यांना हन्ना दियाब हा अलेप्पो शहराचा तरुण भेटला. त्यानं सांगितलेल्या गोष्टींतून अल्लाउद्दीन आणि अलीबाबा त्या संग्रहात आले. म्हणजे ज्या गोष्टीमुळं जग तो ग्रंथ ओळखतं, ती मागाहून ठेवलेली नरोटीच म्हणायची. तिचं अमृत वाचकांनी केलं.

मग नरोटी कुठली आणि अमृत कुठलं, हे ओळखायचं कसं? माझ्या मते ते लिहिणाऱ्याला एकट्याला कळत नाही. ते वाचकांबरोबर बसून बोलल्यावर कळतं. आणि ते बोलणं कसं होतं, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

लेखकानं वाचकांचं ऐकल्याचा एक गमतीदार दाखला चारशे वर्षांपूर्वीच्या स्पेनमधला आहे. सर्व्हान्तेसच्या 'डॉन किहोते' या कादंबरीचा पहिला भाग 1605 मध्ये आला. त्यात सांचोचं गाढव चोरीला जातं आणि पुढं काही खुलासा नसताना सांचो पुन्हा त्याच गाढवावर बसलेला दिसतो. वाचकांनी ते बरोबर पकडलं. 1614 मध्ये भलत्याच एका माणसानं टोपणनावानं या कादंबरीचा दुसरा भाग छापून मोकळा केला. सर्व्हान्तेसचा स्वतःचा दुसरा भाग 1615 मध्ये आला. त्यात त्यानं काय केलं? पहिलं पुस्तक वाचलेला एक विद्यार्थी थेट नायकाला आणि सांचोला भेटतो आणि लोकांच्या तक्रारी सांगतो. गाढवाचं काय झालं? सापडलेल्या पैशांचं काय केलं? सांचो उत्तरं देतो, आणि गाढवाचा घोळ छापणाऱ्याचाही असेल म्हणतो! तोतया पुस्तकात नायकाला ज्या शहरात नेलं होतं, तिथं जायचंच नाही असं खरा नायक ठरवतो आणि बार्सिलोनाकडं वळतो. वाचकांच्या शंका आणि चाहत्याची आगळीक, दोन्ही सर्व्हान्तेसनं कादंबरीतच वापरून घेतल्या.

आता आपल्या गावाकडं येऊ. एक कल्पित उदाहरण घेऊ या, म्हणजे चर्चा नेमकी कशी असावी ते बोलता येईल.

समजा, धुळ्याकडची एक मुलगी हॅरी पॉटरची चाहती आहे. ती एक अध्याय लिहिते. सुट्टीत हॅरी झाडूवर बसून निघालाय. जून महिना, सातपुड्याकडून वादळ येतं आणि तो रावेरजवळ एका केळीच्या बागेत पडतो. वादळानं सगळी बाग आडवी केली आहे. शेतकरी बांधावर डोक्याला हात लावून बसलाय. हॅरी छडी काढतो, मंत्र म्हणतो, सगळी झाडं घडांसकट उभी राहतात. शेतकरी त्याचे आभार मानतो. अध्याय समाप्त.

हा अध्याय पाच-सहा जणांनी वाचला आणि ते बोलायला बसले. पहिला म्हणतो, "मस्त! पुढचा भाग कधी?" दुसरी म्हणते, "काहीतरीच. हॅरी इथं कशाला येईल?" लिहिणारीला या दोघांपैकी कुणाचाच उपयोग नाही. कौतुकानं तिला आनंद होईल, नकारानं वाईट वाटेल, पण अध्यायातलं एक अक्षरही त्यानं सुधारणार नाही.

तिसरा मुलगा मूळ पुस्तकं बारकाईनं वाचलेला आहे. तो म्हणतो, "सतरा वर्षांच्या आतल्या मुलांना शाळेबाहेर जादू करायला बंदी आहे. पाचव्या भागात याच कारणासाठी हॅरीची चौकशी होते. मग इथं त्याला कुणीच कसं विचारत नाही?" हा आक्षेप सोन्यासारखा आहे. अद्भुत कथेत काहीही चालतं, असा पुष्कळांचा समज असतो. खरं तर अद्भुत कथेला नियम जास्त लागतात. जादूला किंमत नसेल, तर संकटालाही अर्थ उरत नाही. आता लिहिणारीपुढं दोन वाटा आहेत. जादू काढून टाकायची, किंवा हॅरीला ती किंमत मोजायला लावायची. दुसरी वाट घेतली, तर हॅरीला अनोळखी माणसाची बाग आणि स्वतःची शाळा यांतून निवड करावी लागेल. अध्यायात नाट्य आलं, आणि ते आलं एका वाचकाच्या शंकेतून.

यावर कुणी म्हणेल, "पण जीव धोक्यात असेल तर नियमाला अपवाद आहे." मग वाद रंगतो. केळीची बाग म्हणजे जीव का? कर्ज काढून उभी केलेली बाग एका संध्याकाळी झोपलेली ज्यांनी पाहिली आहे, ते या प्रश्नाला काय उत्तर देतील? तिकडच्या कथेतलं एक कलम इकडच्या बांधावर येऊन किती जड होतं पाहा.

चौथी मुलगी रावेरकडची, केळी पिकवणाऱ्या घरातली. तिचं म्हणणं वेगळंच. "तुझा शेतकरी शेतकऱ्यासारखा वागत नाही. पडलेलं झाड उभं करून काय करायचं? खोड मोडलं, मुळं उपटली, तो घड आता भरत नाही. आमचे बाबा आधी कंदाजवळची पिलं बघतात. पिलं शाबूत असली तर पडलेली खोडं कापून पिलबाग धरता येते. तो माणूस जादूगाराला म्हणेल, बाबा रे, झाडं राहू दे, एवढी पिलं वाचव." या एका बोलण्यानं सगळा अध्याय पालटतो. मघाचा शेतकरी आभार मानण्यापुरता होता. आता त्याला अक्कल आहे, मत आहे. जादूगारालाही त्याच्याकडून काही शिकायचं आहे. ही गोष्ट इंग्लंडमधल्या मूळ लेखिकेला लिहिता आली नसती. इथं ती मुलगी उसनवारीतून बाहेर पडून स्वतःचं लिहू लागली.

हीच मुलगी आणखी एक गोष्ट सांगते. "आणि तो शेतकरी अहिराणी बोलतो असं लिहिलंस. आमच्याकडं लेवा बोली आहे." धुळे, अमळनेर, पारोळ्याकडची बोली एक, रावेर-यावलची दुसरी. बाहेरच्याला दोन्ही 'खानदेशी' वाटतात. घरच्या वाचकाला फरक कळतो, आणि तो सांगायला घरचाच वाचक लागतो.

श्रोते हो, पाहा. नियमाचा आक्षेप, स्वभावाचा आक्षेप आणि भाषेचा आक्षेप असे तीन आक्षेप आले. तिन्ही प्रश्नाच्या रूपात आले आणि कुणी लिहिणारीच्या हातातली लेखणी काढून घेतली नाही. चर्चा अशी असावी. वाचकानं आधी आपल्याला काय दिसलं ते सांगावं, मग कुठं अडखळलो ते सांगावं, शेवटी विचारावं. अमुकच लिही, असा हुकूम देऊ नये. लिहिणाऱ्यानंही लगेच बचावाला उभं राहू नये. सगळं ऐकावं, टिपून घ्यावं, दोन दिवस जाऊ द्यावेत. मग जे पटेल ते घ्यावं आणि बाकीचं सोडून द्यावं. शेवटचा निर्णय त्याचाच. गाढव कुठं गेलं हे वाचक विचारू शकतो, पण ते कुठं न्यायचं हे लेखकच ठरवणार.

अशी बैठक आपल्या भागाला परकी नाही. साने गुरुजी 1924 पासून सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडं होती, आणि तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, म्हणजे रोजचं! लिहिणारा आणि वाचणारे एकाच छपराखाली. सकाळी लिहिलेलं कुणाला भिडलं आणि कुणाला नाही, ते जेवणाच्या पंगतीत कळत असणार. पुढं 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. तिचा घाट आठवून पाहा. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एक आठवण सांगतो, मित्र आपसांत बोलतात, विचारतात आणि दुसऱ्या रात्रीची वाट पाहतात. ऐकणारे कथेच्या आतच बसलेले आहेत.

त्याच गुरुजींनी इतरांच्या गोष्टी मराठीत आपल्याशा करून आणल्या. त्यांचा 'मनूबाबा' हा जॉर्ज इलियटच्या 'सायलस मार्नर' या 1861 सालच्या कादंबरीवरून घेतलेला. विलायतेतला एकाकी विणकर मराठी घराघरांत मनूबाबा म्हणून वावरला. 'दुसऱ्याचं काय उतरवतोस' असं त्यांना कुणी म्हटलं असतं, तर आपण केवढ्याला मुकलो असतो.

शेजारच्या मालेगावचं उदाहरण तर अगदी अलीकडचं. धुळ्याहून आग्रा रोडनं तासाभरावरचं हे यंत्रमागांचं गाव. तिथल्या नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी हौसेनं, हाताशी होत्या त्या साधनांनी 'मालेगाव के शोले' काढला. नंतर सुपरमॅनही मालेगावात उतरला. ते काम करणारे शफीक शेख यंत्रमागावरचे कामगार, अंगानं काटकुळे. पिळदार शरीराचा परदेशी वीर गावातल्या कामगाराच्या अंगात शिरला, हीच त्यातली गंमत आणि हेच त्यातलं दुःख. फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये त्यावर माहितीपट केला, आणि 2025 मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठा हिंदी चित्रपट देशभर लागला. चाहत्यांनी केलेल्या उचापतीची गोष्ट मोठ्या पडद्यावर आली.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. एक, मूळ लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव पहिल्याच ओळीत लिहावं. इरावतीबाईंसारखी रेघ मारावी. दोन, आपल्या मंडळींत वाचणं वेगळं आणि छापून विकणं वेगळं. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो. तोवर परवानगीशिवाय बाजारात जाऊ नये. रामायण, महाभारत, पंचतंत्र तर सदैव आपलीच आहेत. सुरुवात तिथून करायला काय हरकत आहे?

पालकांना आणि शिक्षकांना माझी एवढीच विनंती. मुलाच्या दप्तरात अशी वही सापडली, तर शुद्धलेखनाच्या लाल खुणा करायच्या आधी ती वाचा. पहिला वाचक चिडवणारा निघाला, तर वही बंद होते आणि पुष्कळदा पुन्हा उघडत नाही. गावातल्या वाचनालयाला महिन्यातला एक रविवार अशा वाचनासाठी देता येईल. एक सतरंजी, पाच-सहा जण आणि एक अध्याय. खर्च फक्त चहाचा.

आपल्या अहिराणीत 'कुठं' याला 'कथा' म्हणतात. वाटेत भेटलेला माणूस विचारतो, "कथा जाई ऱ्हायना रे भो?" लिहिणाऱ्या मुलाला त्याच्या वाचकांनी आपुलकीनं विचारायचा प्रश्न हाच आहे. गोष्ट कुठं चालली आहे, आणि आम्ही बरोबर येऊ का?

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)